'शेठ दुकानात नाहीत': खरं बोलायची सवय कशी लावावी

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी बत्तीस वर्षं दिवाणजी होतो. हळद आणि बेदाणा. या बत्तीस वर्षांत माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेलं वाक्य म्हणजे "शेठ दुकानात नाहीत." शेठ समोरच गादीवर लोडाला टेकून बसलेले असायचे. फोन वाजला की भुवया उडवायचे, आणि मी जतच्या नाहीतर कवठेमहांकाळच्या शेतकऱ्याला सांगायचो, "बाहेर गेलेत, संध्याकाळी बघा." रविवारी मात्र मी मिरजेत चर्चमध्ये पुढच्या बाकावर. संडेस्कूलच्या पोरांकडून दहा आज्ञा पाठ करून घेणाराही मीच.

मोठ्या खोट्याबद्दल मी इथं लिहीत नाही. खोटे कागद, बुडवाबुडवी यांना कोर्टकचेऱ्या आहेत. आपण ज्याला खोटं म्हणतच नाही, ते दिवसाकाठी दोन-तीनदा सहज निघून जाणारं बोलणं कसं दुरुस्त करायचं, एवढंच सांगतो. माझा अनुभव असा की आपण विश्वासणारे, म्हणजे ख्रिस्ती लोक, लबाडीपोटी कमी आणि भिडेपोटी जास्त खोटं बोलतो. समोरच्याला नाही कसं म्हणायचं, त्याला काय वाटेल, चारचौघांत बरं दिसत नाही. भीड भिकेची बहीण, ही म्हण पैशापुरती नाही. म्हणून "खरं बोलत जा" असा उपदेश शंभरदा ऐकून काही होत नाही. भीड मोडावी लागते, आणि ती एका दिवसात मोडत नाही.

शास्त्राचं आधी थोडक्यात. "तू आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस" ही आज्ञा निर्गम २०:१६ मध्ये आहे. आमच्या प्रॉटेस्टंट मोजणीत ती नववी, कॅथलिक बांधवांच्या मोजणीत आठवी. अडचणीची दोघांनाही सारखीच. तिचा मूळ रोख न्यायासमोरच्या साक्षीवर आहे. दोन-तीन साक्षीदारांच्या शब्दावर माणसाचा जीव जायचा तो काळ. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात ही गोष्ट वेशीतल्या न्यायसभेतून उचलून घरात, बाजारात आणून ठेवली: तुमचं बोलणं "होय तर होय, नाही तर नाही" एवढंच असावं (मत्तय ५:३७). खाली जे काही सांगतोय ते या सहा शब्दांची मशागत आहे.

पहिला आठवडा: काही सुधारू नका, फक्त लिहा

खिशात मावेल अशी डायरी घ्या. खताच्या दुकानात फुकट मिळते ती चालेल. रात्री झोपायच्या आधी दिवसभरात जे जे खरं नव्हतं ते लिहायचं: कुणाला, काय, कशापायी. बस. पश्चात्ताप, संकल्प वगैरे या आठवड्यात नको. सुधारायला लागलात की लपवायला लागाल, डायरीपासूनसुद्धा.

माझ्या पहिल्या आठवड्यातल्या काही नोंदी जशाच्या तशा देतो.

"रविवार. पाळकसाहेबांना: आजचा उपदेश फार लागला. (झोप लागली होती.) भीड."

"मंगळवार. मेव्हण्याला फोनवर: विश्रामबागला आलोय. (मिरजेत घरीच, पायात चप्पल नव्हती.) भीड."

"गुरुवार. चहावाल्याला: सुट्टे नाहीत. (होते.) फायदा."

"शुक्रवार. हिला: गोळी घेतली. (नव्हती घेतली.) भीती."

आठवड्याची बेरीज १९ आली. भीड १२, भीती ३, फुशारकी २, फायदा २. "शेठ दुकानात नाहीत" मी धरलंच नव्हतं, कारण ते मला नोकरीचं काम वाटत होतं. हे माझ्या बायकोने दाखवून दिलं. ते धरलं असतं तर डायरीला दुसरी डायरी जोडावी लागली असती.

बेरीज लहान आली तर खूश होऊ नका, बहुधा लिहायचं राहिलंय. "हे परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव" अशा अर्थाची प्रार्थना स्तोत्र १४१ मध्ये आहे. ती या आठवड्यात रोज करा. पहारेकरी आधी कोण आलं, कोण गेलं याची नोंदच ठेवतो; अडवतो नंतर.

दुसरी पायरी: 'आयच्यान' बंद

आपल्या भागात दर चौथ्या वाक्याला "आयच्यान सांगतो" असतं. "देवाशपथ", "गळ्याशपथ", आणि ख्रिस्ती घरांत "प्रभू साक्षी आहे." हे सगळं एकाच पोत्यातलं. शपथ घातली की खरं, याचा अर्थ बिनशपथेचं बोलणं अळणी, त्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही. येशूने शपथच वाहू नका म्हटलं ते यामुळे, आणि याकोबाने आपल्या पत्रात (५:१२) तेच पुन्हा सांगितलं.

करायचं सोपं आहे, आठवायला अवघड. घरातल्या एका लहान पोराला कामाला लावा: आजोबांनी शपथ घेतली की एक रुपया. माझ्या नातवाने महिन्याभरात क्रिकेटचा चेंडू घेतला.

कोर्टात काय करायचं, असं कुणी विचारतं. साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष देण्याची मुभा १९६९ च्या शपथविषयक कायद्यातच आहे. ज्याच्या मनाला शपथ टोचते त्याने तसं सांगावं, कुणी अडवत नाही. शपथेवर साक्ष देणारे विश्वासणारेही पुष्कळ आहेत. त्यावरून मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, तट पाडायचं काही कारण नाही.

तिसरी पायरी: 'बघतो' म्हणणं सोडा

इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझ्या डायरीतला मोठा ढीग इथलाच होता.

मराठीत "बघतो" म्हणजे नाही. "करू की", "होऊन जाईल", "येतोय की" म्हणजेही बहुतेक वेळा नाहीच. सुखवस्तू माणसाला ते कळतं. गरजवंताला कळत नाही. मंडळीतल्या एका बाईने मुलाला दुकानात चिकटवायचं विचारलं. जागा नव्हती, निघणारही नव्हती. मी "बघतो" म्हटलं. ती पुढचे सहा रविवार उपासनेनंतर दाराशी थांबून माझ्या तोंडाकडे बघत होती. पोरगं त्या भरवशावर दुसरीकडे विचारायलाही गेलं नव्हतं. मी भीड राखली आणि दीड महिना त्यांचा गेला.

नाही म्हणायची वाक्यं आधी तयार ठेवावी लागतात. ऐन वेळी सुचत नाहीत, ऐन वेळी "बघतो"च सुचतं. मी डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती:

नोकरी मागणाऱ्याला: "आमच्याकडे जागा नाही, आणि या वर्षात होईल असं मला वाटत नाही. दुसरीकडे बघायला लागा."

लग्नाच्या आमंत्रणाला: "त्या दिवशी जमणार नाही." आणि "आधी घरी येऊन जातो" हे खरंच जाणार असलात तरच जोडायचं.

उसने मागणाऱ्याला: "मी उसने देत नाही. हे दोनशे तसेच ठेव." यात "माझ्याकडे नाहीत" हे कुठंच नाही, हे लक्षात घ्या.

"कुठंपर्यंत आलास?" याला: "अजून निघालो नाही."

मोठी गोष्ट मला फार उशिरा कळली: खोटं "नाही"त नसतं, "नाही"च्या मागं आपण जे कारण चिकटवतो त्यात असतं. पाहुणे आलेत, तब्येत बरी नाही, गाडी बिघडलीय. कारण द्यायची सक्ती कुणी केलेली नाही. "जमणार नाही" म्हणून गप्प बसायचं. ती पाच सेकंदांची शांतता अंगावर येते, घाम फुटतो. समोरचाच मग म्हणतो, "बरं, बरं."

आता शेठचं. मी पंधरा दिवस वाक्य घोळवत होतो. शेवटी एका सोमवारी फोन वाजला, भुवया उडाल्या, आणि मी म्हणालो, "शेठ आत्ता फोनवर येत नाहीत. निरोप सांगा, लिहून घेतो." फोन ठेवला. शेठनी पान बाजूला ठेवलं. "काय रे, तुझ्या बायबलात माझं नाव आलंय काय?" मी म्हटलं, "तुमचं नाही, माझं आलंय." तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी पोत्यांची यादी मागितली आणि प्रकरण मिटलं. नोकरी गेली नाही. पण जाऊ शकली असती, हे मी लपवत नाही. ज्याच्या घरात एकच पगार येतो त्याने आधी मालकाशी एकांतात बोलावं: "मी तुमचा निरोप बरोबर पोचवीन, फक्त खोटं मला जमत नाही." फोन हातात असताना शौर्य दाखवायची गरज नाही. मी दाखवलं, ते चुकलंच.

पुढचं मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. दिवाणजी खोटं सांगत नाही हे शेतकऱ्यांत पसरलं, आणि शेठना ते उपयोगी वाटलं. एका शनिवारी ते म्हणाले, "त्या जतवाल्याला सांग, मंगळवारी पट्टीचे, म्हणजे विकलेल्या मालाचे, पैसे मिळतील." मी सांगितलं. मंगळवारी तो पहिल्या एसटीने आला, मुलीची फी भरायची होती. पैसे नव्हते, आणि नसणार हे शेठना शनिवारीच माहीत होतं. तो शेठना काही बोलला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही सांगितलं म्हणून आलो."

तेव्हापासून मी "मंगळवारी मिळतील" म्हणायचं सोडलं. "शेठ म्हणतात, मंगळवारी देतो" असं म्हणायला लागलो. शब्द कुणाचा आहे ते त्याच्या नावानिशी पोचवायचं. मुनीम, कारकून, दुकानातली पोरं, चर्चचे सेक्रेटरी, सगळ्यांनी हे एवढं जरूर करावं.

पेठेतलं बोलणं

उसाच्या गाडीला काटा मारला की आपण रस्त्यावर उतरतो. लेवीय १९:३५-३६ मध्ये खरा तराजू, खरी वजनं ठेवा असं देव सांगतो, ते सगळ्यांना पटतं. शब्दांनी मारलेला काटा मात्र आपण व्यवहार म्हणून सोडून देतो.

विकणाऱ्याचं खोटं ओळखीचं असतं: गंधकाची धुरी देऊन सोनेरी केलेला बेदाणा "नैसर्गिक रंग" म्हणून दाखवणं. घेणाऱ्याचं कुणी मोजत नाही. नीतिसूत्रे २०:१४ मध्ये एक गिऱ्हाईक आहे. माल बघताना "वाईट आहे, वाईट आहे" म्हणतो, आणि घेऊन गेल्यावर फुशारकी मारतो. मी पहिल्यांदा ती ओळ वाचली तेव्हा आमच्या यार्डातले चार चेहरे डोळ्यांसमोर आले. भाव पाडून मागायला हरकत नाही. "मला हा भाव परवडत नाही" म्हणा. चांगल्या हळकुंडाला नखाने टोकरून "आत पोकळ आहे" म्हणू नका.

सगळंच सांगून टाकायचं का? नाही. गप्प राहणं वेगळं आणि चकवणं वेगळं. शमुवेल संदेष्टा दाविदाला नवा राजा म्हणून अभिषेक करायला बेथलेहेमला निघाला तेव्हा गादीवरचा शौल राजा मारून टाकील अशी त्याला भीती होती. कालवड घेऊन जा आणि यज्ञ करायला आलोय असं सांग, असं देवानेच त्याला सांगितलं (१ शमुवेल १६). त्याने यज्ञ खरंच केला. दुसरं काम सांगितलं नाही. माझी कसोटी साधी आहे: मी जे सांगत नाही ते मागाहून समोरच्याला कळलं, तर "विचारलं असतं तर सांगितलं असतं" असं मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणू शकेन का? धुरीच्या बेदाण्याचं नाही म्हणता येत.

दुसऱ्या माणसाबद्दल विचारलं तर

आपल्या समाजात हा प्रसंग बहुतेक लग्नाच्या वेळी येतो. मुलगी दुसऱ्या गावची, मुलगा आपल्या मंडळीतला, आणि मुलीचा मामा फोन करून विचारतो, "पोरगा कसा आहे?"

मी असा फोन घेतलेला आहे. पोरगा प्यायचा. मी त्याला स्टेशन रोडला दोनदा स्वतः बघितलं होतं, एकदा घरी आणून सोडलं होतं. त्याचे वडील माझ्या शेजारच्या बाकावर बसायचे. मी मामांना म्हणालो, "घर चांगलं आहे. पोरगा शांत आहे." दोन्ही वाक्यं खरी होती. प्यायल्यावरसुद्धा तो शांतच असायचा. लग्न झालं. दीड वर्षात मुलगी माहेरी परत गेली.

आज तसा फोन आला तर मी काय करीन ते क्रमाने सांगतो. आधी म्हणेन, "मला दोन दिवस द्या." त्या दोन दिवसांत पोराच्या वडिलांकडे जाईन. मत्तय १८:१५ मध्ये भावाच्या अपराधाबद्दल आधी त्याच्याशी एकांतात बोला म्हटलंय, तोच क्रम इथं लागू. "मला विचारलंय, मी खोटं सांगणार नाही. तुम्ही स्वतः सांगितलंत तर फार बरं." बहुतेक लोक चिडतील. चिडू दे. मग मामांना फक्त डोळ्यांनी बघितलेलं सांगेन, तारखेसकट. ऐकीव एकही गोष्ट नाही, "असं म्हणतात" एकदाही नाही. आणि तो सुधारायला धडपडत असेल, तर तेही सांगेन, कारण तेही खरंच आहे.

न विचारता, प्रार्थनेची विनंती म्हणून "अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याचं जरा हे आहे" असं मंडळात बोलणं ही चहाडीच. डोळे मिटून केली तरी.

याच पोटात व्हॉट्सअ‍ॅप येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. माणसं माळ्यावर, गच्चीवर बसलेली, आणि मोबाइलवर अफवांचं पेव फुटलेलं. धरणाला तडा गेलाय असा एक मेसेज आमच्या तरुण संघाच्या ग्रुपवर आला. वर "प्रभू राखो" असं लिहिलेलं. पुढं पाठवणारा काळजीनेच पाठवत होता. पण एक म्हातारं जोडपं तो वाचून छातीभर पाण्यातून निघालं, तेव्हा दोरी लावून ओढून घ्यावं लागलं. पाठवण्याआधी एकच प्रश्न: हे मी पोलिसपाटलासमोर उभं राहून, माझं नाव सांगून बोलेन का? नसाल बोलणार तर अंगठा आवरा. आणि चुकून गेलं असेल तर "चुकीचं होतं" हे त्याच ग्रुपवर लिहा. नुसतं डिलीट करू नका; ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातून ते डिलीट होत नाही.

साक्ष

आमच्या घरगुती प्रार्थनासभांत साक्ष द्यायची पद्धत आहे. देवाने आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. कोर्टातली ती साक्ष आणि ही साक्ष, मराठीत शब्द एकच आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे पेशंट इथं येतात. साहजिकच आमच्या साक्षी बऱ्याचशा आजारपणाच्या. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा "फार दुखत होतं, ऑपरेशन झालं, प्रभूने राखलं." तिसऱ्या सभेपर्यंत डॉक्टरांनी आशा सोडली होती. पाचव्या सभेत मी दोन दिवस बेशुद्ध होतो. लोक "आमेन" म्हणत होते, आणि प्रत्येक आमेनला माझी बेशुद्धी लांबत होती. परत येताना रिक्षात बायको हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सकडे चहा मागितला होता."

मी म्हटलं, देवाच्या गौरवासाठीच तर सांगत होतो. ती म्हणाली, "मग त्याला तुमची मदत कशाला?"

प्रेषितांची कृत्ये ५ मध्ये हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोने मंडळीला द्यायला म्हणून जमीन विकली आणि थोडे पैसे मागं ठेवले. पैसे ठेवणं हा गुन्हा नव्हता. विकण्याआधी जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझेच होते, असं प्रेषित पेत्र स्वतःच म्हणतो. गुन्हा होता तो थोडं देऊन सगळं दिल्याचा देखावा. म्हणजे मंडळीच्या सुरुवातीच्या दिवसांतलं सगळ्यात गाजलेलं खोटं भक्तीच्या कार्यक्रमातच बोललं गेलं.

साक्ष देण्याआधी मी आता तीन ओळी लिहून काढतो. तारीख, डॉक्टर नेमकं काय म्हणाले, मी काय बघितलं. "डॉक्टरांनी हात टेकले" असं डॉक्टर म्हणाले नसतील तर काट. औषध चालू असेल तर "औषध चालू आहे" हे म्हणायचंच. का, तर मागच्या बाकावर साखरेच्या गोळ्या घेणारी एखादी बाई बसलेली असते, आणि तुमची साक्ष ऐकून घरी जाऊन ती गोळ्या बंद करते. असं घडलेलं मी बघितलंय. आणि बरं झालं नसेल तरी साक्ष देता येते. "अजून दुखतंय. प्रार्थना करतोय." अशी साक्ष आमच्याकडे वर्षात एखादीच होते, आणि त्या दिवशी सभा संपल्यावर लोक लवकर उठत नाहीत.

फटकळपणा म्हणजे सत्य नव्हे

डायरी चालू केल्यावर दोन-तीन महिन्यांत एक रोग होतो. "मी बुवा तोंडावर बोलतो." खरं बोलण्याच्या नावाखाली माणूस सुनेच्या भाजीपासून पाळकांच्या इंग्रजीपर्यंत सगळ्यांना सोलत सुटतो. मलाही झाला होता. पौल इफिसकरांस ४:१५ मध्ये सत्य आणि प्रेम एकाच वाक्यात बसवतो. दाविद राजाने दुसऱ्याची बायको घेतली तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला तो बोट रोखून नव्हे, आधी गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगितली, राजाला स्वतःलाच चीड येऊ दिली, आणि मग म्हणाला, "तो माणूस तूच." बोलण्याआधी मी एवढंच बघतो: हे सांगून मला मजा येणार आहे का? येणार असेल तर आज नको.

सगळ्यात अवघड जागा आजारी माणसाची. माझ्या आईला कॅन्सर निघाला तेव्हा आम्ही भावंडांनी ठरवून "अल्सर आहे" म्हणून सांगितलं. अडीच महिने घरात नाटक. ती गेल्यावर तिच्या उशीखाली बांगड्यांची पुरचुंडी सापडली, प्रत्येक सुनेच्या नावाची चिठ्ठी शेजारणीकडून लिहून घेतलेली. तिला माहीत होतं. आम्हाला अवघडू नये म्हणून तीही गप्प राहिली, आणि आमचं निरोपाचं बोलणं राहूनच गेलं. आता कुणी विचारलं तर मी म्हणतो, पेशंटलाच विचारा: "तुला किती ऐकायचंय?" तो म्हणेल तेवढंच सांगा, पण तेवढं खरं सांगा.

जीव वाचवायला खोटं चालतं का, हा वाद जुना आहे. मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, सुइणींनी इब्री मुलगे मारायला सांगणाऱ्या फारो राजाला थाप मारून ती मुलं वाचवली आणि देवाने त्यांचं भलं केलं (निर्गम १). संत ऑगस्टीन तरीही कुठलंच खोटं निर्दोष नाही असं म्हणत राहिला. मी सुइणींच्या बाजूचा. पण माझ्या त्या १९ नोंदींत एकही फारो नव्हता.

शेवटची पायरी: जुनं खोटं उघडायचं

हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली. २००५ च्या पुरात त्यांची फार नासाडी झाली. पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे. कोंडलेल्या हवेने माणूस मरतो. तोंड उघडून तासन्‌तास वारं लागू द्यायचं, मगच उतरायचं. जुन्या खोट्याचंही असंच करावं. आधी देवाशी बोला. मग एका विश्वासू माणसाशी, पाळकांशी नाहीतर जोडीदाराशी. आपल्या कबुलीने तिसऱ्याच कुणाचं घर मोडणार आहे का, हे त्यांच्याबरोबर तपासा. मग ज्याच्याशी खोटं बोललात त्याच्याकडे जा, फोन नको.

बोलायचं एवढंच: "मी तुम्हाला असं सांगितलं. ते खरं नव्हतं. खरं हे होतं. तुमचं जे नुकसान झालं त्यात माझा हात आहे. काय भरून देता येईल ते सांगा." "पण", "त्या वेळी परिस्थिती", "तुम्हीही विचारलं नाही", यातलं काही जोडायचं नाही. जक्कय नावाच्या जकातदाराने चौपट परत करतो म्हटलं (लूक १९:८), स्पष्टीकरण एकही दिलं नाही. आणि माफ करा असं म्हणून उत्तराची वाट बघत बसू नका. माफी देणं त्यांच्या सवडीचं.

मी त्या मुलीच्या मामांकडे गेलो होतो, कऱ्हाडला. दारातच बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या पुढं केला. चहा विचारला नाही. मुलगी आतल्या खोलीत शिलाई मशीनवर होती. मी बोलत होतो तेवढा वेळ मशीन थांबलं होतं, मी उठलो तसं परत चालू झालं.

डायरी अजून आहे. आठवड्याला चार-पाच नोंदी पडतात, सणासुदीला जास्त. परवा सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला, कुपवाडला एका आजारी बंधूंकडे प्रार्थनेला जायचं होतं. "कुठंपर्यंत आलात?" त्यांनी विचारलं. तोंडावर विश्रामबाग आलंच होतं. मी म्हटलं, "घरी आहे. अजून बनियनवर आहे, वीस मिनिटं लागतील."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"बरं झालं," ते म्हणाले. "मी पण अजून अंघोळ करायचोय."